दारिओ ह्युबनरनं इतके क्लब का बदलले? इटलीतल्या फिरत्या फुटबॉलपटूंचं अर्थकारण, सोप्या भाषेत

उन्हाळा आणि जानेवारी आला की फुटबॉलच्या बातम्या वाचणाऱ्यांची पंचाईत होते. अमुक खेळाडू लोनवर गेला, तमुकला विकत घ्यायच्या सक्तीसह पाठवला, तिसऱ्याचा करार संपला म्हणून तो फुकटात मिळाला. मोठ्या नावांच्या बाबतीत निदान आकडे तरी ऐकू येतात. पण इटलीतल्या एखाद्या कमी प्रसिद्ध खेळाडूची माहिती काढावी आणि समोर दहा-बारा क्लबांची यादी यावी, की मनात पहिला विचार येतो तो हाच: हा कुठे टिकलाच नाही, म्हणजे बेताचाच असणार.

हा समज मला खटकतो. त्या यादीत जी अस्थिरता दिसते, ती बहुतेक वेळा क्लबांची असते आणि तिचा शिक्का मात्र खेळाडूच्या कपाळी बसतो. हे पटवून द्यायला दारिओ ह्युबनरइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जन्म १९६७, त्रिएस्तेजवळच्या मुज्जा या बंदराच्या गावात. मुज्जेझाना, पिएविजिना, पेर्गोक्रेमा, फानो, चेझेना, ब्रेशा, पियाचेन्झा, अँकोना, पेरुजा, मांतोव्हा असे दहा क्लब, आणि त्यानंतर चाळिशी उलटेपर्यंत आणखी काही हौशी संघ. याच माणसानं २००१-०२ मध्ये इटलीच्या सर्वोच्च साखळीत सर्वाधिक गोल केले. तेव्हा त्याला पस्तिसावं वर्ष लागलं होतं.

## वर-खाली होणारे शंभर संघ

इटलीत व्यावसायिक फुटबॉलचे तीन स्तर आहेत. सेरी एमध्ये २० संघ, सेरी बीमध्ये २०, आणि सेरी सीमध्ये तीन गटांत मिळून ६०. त्याखालची सेरी डी कागदोपत्री हौशी. दर हंगामाअखेरीस तळाचे संघ खाली जातात, खालचे अव्वल संघ वर येतात. खाली जाण्याला पदावनती म्हणू. आज सेरी एमधून दरवर्षी तीन संघ खाली जातात. ह्युबनरच्या काळात तिथे १८च संघ होते आणि त्यातले चार खाली जात. म्हणजे जवळजवळ दर चौथ्या-पाचव्या संघावर टांगती तलवार.

आपल्याकडे इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं ना बढती होती ना पदावनती. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लबनं आय-लीगमधून माघार घेतली, त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता: मैदानावर जिंकून वर जायची वाट राहणार की नाही?

इटलीत ती वाट आहे, पण ती उतरतेही. संघ सेरी बीमध्ये घसरला की टीव्हीच्या हक्कांतून येणारा पैसा एकदम आटतो. पगार मात्र आदल्या वर्षी सह्या झालेल्या करारांप्रमाणेच द्यावे लागतात. मग काही आठवड्यांत चांगले खेळाडू विकायचे, महागडे करार दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे आणि उरलेल्यांवर संघ उभा करायचा. हे सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते लहान शहरांच्या क्लबांना. तिकडे त्यांना 'प्रॉव्हिंचाले' म्हणतात. पियाचेन्झाची लोकवस्ती जेमतेम लाखभर, फानोची त्याहूनही कमी. अशा गावांचा क्लब सेरी एमध्ये खेळतो तेव्हा त्याच्या समोर मिलान आणि तोरिनोसारख्या महानगरांचे क्लब उभे असतात.

## खेळाडू 'विकतात' म्हणजे विकतात काय?

माणूस विकता येत नाही. विकला जातो तो करार. खेळाडू आणि क्लब ठरावीक वर्षांसाठी बांधलेले असतात. ती मुदत संपण्याआधी दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर त्यानं पहिल्या क्लबला भरपाई द्यायची. बातम्यांत जी कोटींची रक्कम येते ती हीच. मुदत संपली की खेळाडू मोकळा.

हे इतकं सरळ पूर्वी नव्हतं. १९८१ पर्यंत इटलीत करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच ताब्यात राहायचा. त्या वर्षीच्या ९१ क्रमांकाच्या कायद्यानं ते बंधन टप्प्याटप्प्यानं काढलं. त्यानंतरही करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबकडून पैसे मागितले जात. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमन याच्या खटल्यात निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या देशांदरम्यान तीही सोय बंद झाली.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. करारात जितकी वर्षं शिल्लक, तितकी किंमत जास्त. शेवटच्या वर्षात पोचलेला खेळाडू क्लबसाठी हातातून निसटणारा पैसा असतो. म्हणून क्लब एकतर करार वाढवतो, नाहीतर वेळेत विकून मोकळा होतो. बऱ्याच बदल्यांमागे खेळाची कुरबुर नसते, तारखेची घाई असते.

आता लोन. खेळाडू एका क्लबचा, खेळतो दुसऱ्याकडे. साधं लोन असेल तर मुदत संपल्यावर तो परत येतो. पर्यायासह लोन असेल तर आवडल्यास विकत घ्यायचा. सक्तीसह लोन असेल तर घ्यावाच लागतो, कधी काही अटींवर, उदाहरणार्थ संघ सेरी एमध्ये टिकला तर. सक्तीच करायची तर आजच का घेत नाहीत, असं कुणीही विचारेल. कारण मोठा खर्च पुढच्या वर्षाच्या हिशेबात ढकलता येतो, आणि अट घातलेली असेल तर संघ खाली गेल्यास तो टळतोही.

## अर्धा खेळाडू

इटलीत यापेक्षाही चमत्कारिक वाटणारी पद्धत अनेक दशकं चालली: एका खेळाडूचे दोन मालक.

आपल्याकडे खेड्यात शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, आणि पुढे जे पदरात पडेल त्यात दोघांचा निम्मा वाटा. हिशेब थेट तोच. मोठा क्लब तरुण खेळाडूचे अर्धे हक्क लहान क्लबला विकायचा. लहान क्लबला निम्म्या किमतीत पूर्ण खेळाडू खेळवायला मिळायचा. तो चमकला तर दोघांचा फायदा, नाही चमकला तर मोठ्या क्लबचं नुकसान निम्म्यावर.

भानगड जूनअखेरीस व्हायची. भागीदारी वाढवायची का? एकानं दुसऱ्याचा वाटा घ्यायचा का? एकमत झालं नाही तर दोन्ही क्लबांनी आपापला आकडा लिहून बंद पाकिटं द्यायची. पाकिटं फुटली की ज्याचा आकडा मोठा, खेळाडू त्याचा. ज्याचं घर, बायको, मुलांची शाळा या निर्णयावर अवलंबून, त्याला तिथे विचारत नसत. कधी एखाद्या क्लबच्या माणसानं आकडा चुकीचा भरला तर तोही निर्णय पक्का. २०१४ मध्ये इटालियन महासंघानं ही पद्धत रद्द करायचं ठरवलं आणि उरलेल्या भागीदाऱ्या पुढच्या वर्षभरात मिटवल्या गेल्या. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

## मुज्जापासून सान सिरोपर्यंत

ह्युबनर कोणत्याही मोठ्या क्लबच्या अकादमीत वाढला नाही. लोखंडकाम करायचा, दारं-खिडक्यांच्या चौकटी बसवायचा आणि गावच्या संघातून खेळायचा. विशीत पिएविजिना, मग क्रेमा गावचा पेर्गोक्रेमा. १९८९ मध्ये अ‍ॅड्रिअ‍ॅटिकच्या काठावरचं फानो. १९९१-९२ मध्ये फानोकडून तो तिसऱ्या स्तरावर, तेव्हाच्या सेरी सी१ मध्ये, आपल्या गटात सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग चेझेना, सेरी बी. तिथे तो पाच हंगाम राहिला आणि १९९५-९६ मध्ये २२ गोलांसह त्या साखळीतही अव्वल ठरला.

१९९७ मध्ये चेझेना तिसऱ्या स्तरावर घसरलं आणि ह्युबनरला ब्रेशानं घेतलं. ब्रेशा नुकतंच सेरी एमध्ये आलं होतं. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा वरच्या साखळीचं मैदान दिसलं.

तो पहिला सामना मुद्दाम सांगतो. ३१ ऑगस्ट १९९७, मिलान शहरातलं सान सिरो मैदान, समोर तिथलाच बडा क्लब इंटर. सगळ्या जगाचे डोळे ब्राझीलच्या रोनाल्डोकडे, कारण इटलीतल्या साखळीतला त्याचाही हा पहिलाच सामना. ब्रेशाकडून खेळत होता पुढे जगप्रसिद्ध झालेला, तेव्हा अठरा वर्षांचा आंद्रेआ पिर्लो. सत्तर मिनिटं उलटून गेली तरी गोल नाही. आणि मग ह्युबनरनं गोलाकडे पाठ असताना चेंडू घेतला, वळला आणि जाळ्यात मारला. रोनाल्डो बघायला आलेलं अख्खं मैदान गप्प. शेवटच्या दहा मिनिटांत उरुग्वेचा बदली खेळाडू आल्व्हारो रेकोबा यानं डाव्या पायानं लांबून दोन अफाट गोल केले आणि इंटरनं सामना २-१ असा काढला. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती रेकोबाची आणि रोनाल्डोची. पण त्या हंगामात ह्युबनरनं १६ गोल केले.

तरी ब्रेशा खाली गेलं. ह्युबनर त्यांच्याबरोबर सेरी बीमध्ये उतरला, दोन हंगाम तिथे राहिला, संघाला २००० मध्ये परत वर आणलं. मग इटलीचा नामवंत आघाडीपटू रोबेर्तो बाज्जो आला, आणि त्याच्या जोडीला ह्युबनरनं १७ गोल केले. २००१ मध्ये ब्रेशानं २४ वर्षांचा आघाडीपटू लुका टोनी आणला. ह्युबनर ३४ चा. तो पियाचेन्झाला गेला.

## २४ गोल

पियाचेन्झाही नुकतंच सेरी एमध्ये परतलेलं. हा क्लब नव्वदच्या दशकात फक्त इटालियन खेळाडू खेळवण्यासाठी ओळखला जायचा. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ५ मे २००२ ला, पियाचेन्झानं घरच्या मैदानावर वेरोनाला ३-० असं हरवलं. त्यातले दोन गोल ह्युबनरचे. पियाचेन्झा टिकलं, वेरोना खाली गेलं, आणि ह्युबनरचे गोल झाले २४. बरोबरीला युव्हेंटसचा दाव्हिद ट्रेझेगे. त्यांच्यामागे इंटरचा ख्रिस्तियान व्हिएरी, २२ गोल.

इटलीच्या पहिल्या तीनही स्तरांवर सर्वाधिक गोल करण्याचा मान ज्या दोघांच्या नावाशी जोडला जातो, त्यातला एक ह्युबनर. दुसरा इगोर प्रोत्ती. प्रोत्तीनं १९९५-९६ मध्ये बारीकडून सेरी एमध्ये २४ गोल केले आणि त्याच वर्षी बारी खाली गेलं. सर्वाधिक गोल आणि पदावनती एकाच हंगामात.

पुणेकरांनी हा ट्रेझेगे प्रत्यक्ष पाहिलाय. २०१४ मध्ये तो एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला.

## 'इतका चांगला होता, तर मोठ्या क्लबनं का नाही घेतला?'

हा प्रश्न हमखास येतो. त्याची दोन खरी उत्तरं आहेत.

पहिलं खेळातलं. लहान संघ बचाव करतो आणि संधी मिळाली की झटकन पुढे जातो. पुढे मोकळी जागा असते. ह्युबनर उंच, ताकदवान, लांब ढांगा टाकत त्या जागेत घुसणारा. मोठ्या संघासमोर मात्र प्रतिस्पर्धी आपल्या गोलापुढे भिंत करून बसतात. तिथे दोन फुटांच्या जागेत चेंडू वळवणारा लागतो. एका ठिकाणचे २४ गोल दुसऱ्या ठिकाणी आपोआप होत नाहीत.

दुसरं उत्तर हिशेबाच्या वहीतलं. समजा क्लबनं खेळाडू १ कोटी युरोला पाच वर्षांच्या करारावर घेतला. वहीत त्याची किंमत दरवर्षी २० लाखांनी उतरते. तीन वर्षांनी ती ४० लाख. तेव्हा तो ९० लाखांना विकला तर ५० लाख नफा दाखवता येतो. इटालियन क्लबांचं बरंच गणित अशा विक्रीवर चालतं. पस्तिशीचा माणूस कितीही गोल करो, त्याला पुढे विकता येत नाही.

आणि तरी एसी मिलान या बड्या क्लबनं विचार केलाच. २००२ च्या हंगामानंतर अमेरिकेच्या दौऱ्यावर त्यांनी ह्युबनरला बरोबर नेलं, चाचणीसारखं. करार झाला नाही. मिलाननं त्या उन्हाळ्यात ब्राझीलच्या रिव्हाल्डोला आणलं आणि पुढच्या वर्षी युरोपचं विजेतेपद जिंकलं. ह्युबनर सिगारेट ओढायचा आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. ही गोष्ट त्याच्याबद्दल इतक्या वेळा सांगितली जाते की ७४ सेरी ए गोल मागे पडतात. इटलीच्या मुख्य संघाकडून तो एकदाही खेळला नाही. २००२ च्या विश्वचषकाला व्हिएरी, इन्झागी, देल पिएरो, टोट्टी, माँतेल्ला, देल्व्हेक्कियो गेले. त्या रांगेत जागा मिळणं अवघड होतं, हे मान्य. पण साखळीत सर्वाधिक गोल करूनही एक मैत्रीपूर्ण सामनासुद्धा वाट्याला येऊ नये, हे मला आजही पटत नाही.

## 'सारखे क्लब बदलणाऱ्याला निष्ठा कसली?'

आता ती यादी परत बघा, या वेळी कारणांसह. फानोत तीन हंगाम; पुढे वरच्या स्तराची बढती. चेझेनात पाच, संघ घसरल्यावर बाहेर. ब्रेशात चार, त्यात एक पदावनती संघाबरोबरच पचवलेली; तरुण खेळाडू आल्यावर बाहेर. पियाचेन्झात दोन, २००३ मध्ये क्लब खाली. अँकोना नव्यानं वर आलेलं, पण त्या हंगामात त्यांना अवघे १३ गुण मिळाले, जानेवारीत बाहेर. पेरुजा, तेही त्याच वर्षी खाली. मग मांतोव्हा, तिसरा स्तर.

यात पळून जाणारा माणूस कुठे दिसतो? उलट क्लबच त्याच्या पायाखालून सरकताना दिसतात.

आणखी एक गोष्ट यादीत नसते, नकाशावर असते. पेर्गोक्रेमाकडून खेळताना क्रेमा परिसराशी जडलेलं त्याचं नातं कायमचं झालं. क्रेमाहून ब्रेशा आणि पियाचेन्झा दोन्ही साधारण तासाभराच्या अंतरावर. कारकिर्दीतली सगळ्यात मोठी सहा वर्षं तो घरापासून इतक्याच अंतरावर खेळला.

## क्लबच बुडतो तेव्हा

ह्युबनरनंतर त्याच्या क्लबांचं काय झालं, हे वाचताना अंगावर काटा येतो. अँकोना २००४ मध्ये आर्थिकदृष्ट्या कोसळलं. पेरुजा २००५ मध्ये. मांतोव्हा २०१०, पियाचेन्झा २०१२, चेझेना २०१८. आणि १९११ साली स्थापन झालेला ब्रेशा २०२५ च्या उन्हाळ्यात व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर फेकला गेला. शहराचा संघ नव्या नावाखाली उभा करावा लागला.

क्लब बुडाला की साधारण असं होतं. ठरलेल्या तारखेपर्यंत देणी भागवल्याचा पुरावा आणि बँकेची हमी देता आली नाही, तर पुढच्या हंगामात प्रवेश मिळत नाही. सगळे खेळाडू एका झटक्यात मोकळे होतात. थकलेला पगार मिळवायला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत रांग लावायची. शहराच्या नावानं नवी कंपनी काढली तर तिला बहुधा खालच्या साखळीतून सुरुवात. २०१५ मध्ये पार्मा असंच सेरी डीमधून पुन्हा सुरू झालं. मार्च २०२५ मध्ये तर ऐन हंगामात तारांतो आणि तुर्रिस हे दोन क्लब सेरी सीमधून काढून टाकले गेले आणि त्यांच्या सगळ्या सामन्यांचे निकाल रद्द झाले. त्यांच्याविरुद्ध केलेला गोलसुद्धा हिशेबातून गेला.

मोठ्या खेळाडूकडे साठवलेला पैसा असतो. सेरी सीच्या तिशीतल्या बचावपटूला मात्र महिन्याचा पगार चुकला तर घरभाड्याचीच चिंता. १९६८ मध्ये स्थापन झालेली इटालियन फुटबॉलपटूंची संघटना किमान पगार, थकबाकी, दुखापत यांसाठी भांडते ती मुख्यतः अशांसाठी.

पुण्यालाही क्लब नाहीसा होणं नवं नाही. २०१४ च्या त्या संघात ट्रेझेगेखेरीज प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बा इटालियन होते, गोलरक्षक एमानुएले बेलार्दी आणि बचावपटू ब्रुनो चिरिल्लोही. चिरिल्लो त्याआधी रेज्जिना, इंटर, लेच्चे, सिएना, अथेन्सचं एईके, स्पेनचं लेव्हांते, ग्रीसचं पीएओके असा फिरून बालेवाडीत पोचला होता. २०१९ मध्ये तो पुण्याचा क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली.

## आज असा खेळाडू घडेल का?

मला वाटतं, फार अवघड आहे. जुलै २०२२ पासून फिफानं लोनवर मर्यादा आणली. आता एका क्लबला आंतरराष्ट्रीय लोनवर एका वेळी सहाच खेळाडू देता येतात आणि सहाच घेता येतात, आणि लोन एका वर्षापेक्षा जास्त नाही. डझनावारी खेळाडू गोळा करून जगभर पसरवून ठेवायचे, हे त्यामुळे कमी होईल. ते चांगलंच झालं. पण एकवीस वर्षांपर्यंतच्या आणि क्लबनं स्वतः घडवलेल्या खेळाडूंना यातून सूट आहे. त्यामुळे तरुण मुलं फिरतच राहणार.

दुसरीकडे सेरी सीमध्ये तरुणांना मैदानावर जितकी मिनिटं खेळवाल त्यानुसार क्लबला पैसे मिळतात. हेतू चांगला, तरुणांना संधी मिळावी. पण पैशाची ओढाताण असलेला क्लब मग तिशीच्या अनुभवी आघाडीपटूऐवजी वीस वर्षांचा मुलगा खेळवतो. एकाचे पैसे द्यावे लागतात, दुसऱ्याचे मिळतात. चौकटी बसवता बसवता विशीत पहिल्यांदा व्यावसायिक करारावर सही करणारा मुलगा त्या गणितात बसतच नाही. त्याच्या वयाच्या, अकादमीत दहा वर्षं काढलेल्या दुसऱ्या मुलासाठी क्लबला अनुदान मिळत असतं. फानोसारख्या गावात तीन हंगाम शांतपणे गोल करत राहायची, कुणीतरी बघेपर्यंत थांबायची जी सवड ह्युबनरला मिळाली, ती आता त्या स्तरावर कुणाला परवडत नाही.